बरी झालेली स्त्री जाते कुठे?

रंगभूमी आणि रुपेरी पडदा यांनी वेडाला नेहमीच मानाचे पान वाढले आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले, तेव्हापासून आपल्या वाचकाला दोन प्रकारच्या वेडांचा परिचय आहे. नायकाचे वेड बोलके आहे. ते प्रश्न विचारते, राजसत्तेला अडचणीत आणते, आणि ते खरे की सोंग याचा खल पंडित आजही करतात. नायिकेचे वेड मात्र गाणी गाते, फुले वाटते आणि पाण्यात बुडून संपते. तिला झोप लागत होती का, तिच्यापाशी रात्री कोण बसत होते, वेळीच कुणी हात धरला असता तर ती वाचली असती का, हे प्रश्न प्रेक्षकाच्या मनात क्वचितच येतात. तिचे वेड पाहण्यासाठी असते. विचार करण्यासाठी नसते.

प्रस्तुत लेखात चार चित्रपटांचा विचार करावयाचा आहे. असित सेन यांचा 'खामोशी' (१९६९), सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४), अपर्णा सेन यांचा '१५ पार्क ॲव्हेन्यू' (२००५) आणि पुन्हा भावे-सुकथनकर यांचाच 'कासव', ज्याला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. या चित्रपटांतील अभिनयाविषयी आणि दिग्दर्शनाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, आणि त्या तंत्रात माझा अधिकारही नाही. परंतु आजाऱ्यांच्या घरी जाणे हा धर्मगुरूच्या नित्यकर्माचा भाग असल्यामुळे, मनोविकाराने ग्रासलेल्या स्त्रीच्या उंबरठ्यावर चार साधे प्रश्न मला हटकून पडतात. हिच्या डोक्यावरचे छप्पर कुणाच्या नावावर आहे? हिच्या गोळ्या कोण आणते? दवाखान्यात हिच्यासोबत कोण जाते? आणि बरी झाल्यावर हिला घरी कोण नेणार? तेच चार प्रश्न या चित्रपटांना विचारून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपला चित्रपट आजार समजून घ्यायला शिकला आहे. पण आजारी स्त्रीचे भवितव्य ज्यांवर ठरते त्या घराचा, पैशाचा आणि नात्यांचा हिशेब मांडताना तो अजून कचरतो.

'खामोशी'ची नायिका राधा ही मनोरुग्णालयातील परिचारिका. प्रेमभंगाने भान हरपलेल्या तरुण रुग्णाला प्रेमाचा आभास देऊन बरे करावे, असा प्रयोग तेथील मुख्य डॉक्टर तिच्याकरवी करतात. पहिला रुग्ण बरा होऊन निघून जातो. राधाचे मन त्याच्यात गुंतलेले असते, याची नोंद कुणी घेत नाही. दुसऱ्या रुग्णासाठी तिला पुन्हा त्याच कामाला जुंपले जाते. तोही बरा होतो, आणि अखेरीस ज्या चोवीस क्रमांकाच्या खोलीत तिने इतरांची सेवा केली त्याच खोलीत ती स्वतः रुग्ण म्हणून बंद होते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा उपचार निव्वळ कल्पित आहे, हे सोडून देऊ. महत्त्वाचे हे की, सेवा करणाऱ्या स्त्रीचे मनही थकते, झिजते आणि मोडते, हे या चित्रपटाने साठ वर्षांपूर्वीच्या त्या दशकात दाखवले. मात्र दाखवले ते एका हळव्या शोकांतिकेसारखे. तिच्या कामाचे तास किती, तिला नकार देण्याची मुभा होती का, तिची देखभाल करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य नव्हते का, हे प्रश्न पार्श्वसंगीतात विरून जातात. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो आणि तिच्या त्यागाचे कौतुक करतो. ज्या व्यवस्थेने तिला तिथवर आणले ती व्यवस्था निर्दोष सुटते.

'देवराई'त आजाराचे चित्रण कितीतरी अधिक जाणतेपणाने झाले आहे. कोकणातल्या शेषला छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा आजार आहे. गावच्या देवराईवर त्याचा जीव आहे, आणि त्याच्या भ्रमांनाही त्या झाडांचीच सावली आहे. त्याची बहीण सीना त्याला शहरात आपल्या घरी आणते. औषधोपचार, डॉक्टरांचा सल्ला, घरच्यांची दमछाक, सुधारणा आणि पुन्हा घसरण असा सारा प्रवास येथे प्रामाणिकपणे येतो. रुग्णाला हसण्याचा किंवा त्याला भिण्याचा विषय न करता माणूस म्हणून उभे करणारा हा चित्रपट मराठीला भूषणावह आहे, यात शंका नाही.

पण सुज्ञ वाचकाने एक क्षणभर पात्रांची अदलाबदल करून पाहावी. समजा, आजार सीनाला झाला असता आणि भाऊ विवाहित असता. भावाच्या शहरातल्या घराचे दार तिच्यासाठी इतक्या सहज उघडले असते का? उघडले असते तरी तिची शुश्रूषा कुणी केली असती? भावाने नोकरी सोडून खचितच केली नसती. ती वहिनीच्या वाट्याला आली असती. म्हणजे रुग्ण पुरुष असो वा स्त्री, सेवेचा भार स्त्रीवरच पडतो. आणि रुग्ण स्त्री असली की तिच्यासाठी तो भार उचलणारे माणूस मिळणे अवघड होऊन बसते. सीनालाही भावाला ठेवून घेताना आपल्या संसाराची आणि नवऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. चित्रपट हा ताण दाखवतो, परंतु त्याला त्या कुटुंबाची खाजगी अडचण मानतो. वास्तविक ती आपल्या समाजाची रीतच आहे. सेवा स्त्रीची आणि घर पुरुषाचे, अशी ही विभागणी आहे, आणि आजारी स्त्री नेमकी या दोहोंच्या मधल्या फटीत पडते.

या फटीच्या सर्वांत जवळ गेलेला चित्रपट म्हणजे '१५ पार्क ॲव्हेन्यू'. कोलकात्यातील मिताली ऊर्फ मिठी हिला स्किझोफ्रेनिया आहे. पत्रकार म्हणून कामावर असताना तिच्यावर सामूहिक बलात्कार होतो, आजार बळावतो आणि वाग्दत्त वर तिला सोडून जातो. पुढे त्याचे लग्न होते, त्याला मुले होतात. मिठीच्या भ्रमात मात्र तोच तिचा पती आहे, तिला पाच मुले आहेत आणि त्यांचे घर या नावाच्या, कोलकात्यात नसलेल्या पत्त्यावर आहे. भ्रमाचा आशय किती बोलका आहे पाहा! समाजाने स्त्रीला जे मिळवायला शिकवले आणि आजारी पडताच जे तिच्या हातून काढून घेतले, नेमके तेच तिचे मन पुन्हा रचत बसते. अत्याचार, मोडलेली सोयरीक आणि मनोविकार यांचा परस्परसंबंध इतक्या स्पष्टपणे मांडणारे चित्रपट आपल्याकडे विरळाच. 'खामोशी'तील राधा साकारणाऱ्या वहिदा रहमान येथे मिठीच्या वृद्ध आईच्या भूमिकेत आहेत, हा योगायोगही विचार करायला लावणारा आहे. साडेतीन दशकांनंतरही पडद्यावर आजाऱ्यापाशी बसलेली ती स्त्रीच आहे. मिठीचा सांभाळ तिची आई आणि प्राध्यापक असलेली बहीण या दोघी करतात. बहिणीला चांगला पगार आहे म्हणून डॉक्टर आहेत, औषधे आहेत. तो पगार नसता तर काय, या प्रश्नाच्या दाराशी येऊन चित्रपट थांबतो.

याच चित्रपटात हतबल झालेली आई मांत्रिकाला घरी आणते. या प्रसंगावरून अशिक्षितांच्या अंधश्रद्धेला नाके मुरडणे सोपे आहे. आपल्या ख्रिस्ती घरांतही मुलगी विचित्र वागू लागली की 'बाहेरचे काही लागले असेल' असे म्हणून महिनोन्महिने वाया घालवले जातात, हे विसरता कामा नये. चर्चची शिस्त याबाबत निःसंदिग्ध आहे. धर्माध्यक्षांच्या खास परवानगीवाचून कुणाही धर्मगुरूला भूतनिःसारणाचा विधी करता येत नाही, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित विधीग्रंथात वैद्यकीय व मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेण्याविषयी सांगितले आहे. प्रार्थना आणि गोळी यांचे वैर नाही. आजारी मुलीसाठी नोव्हेना जरूर करावी. पण नोव्हेनाचे नऊ दिवस संपेपर्यंत डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

आता 'कासव'. जानकी ही घटस्फोटित आणि स्वतः नैराश्यातून गेलेली स्त्री. जगण्याला विटलेल्या एका अनोळखी तरुणाला ती कोकणच्या किनाऱ्यावरील घरी आणते आणि उपदेशाचा एक शब्द न बोलता त्याला सावरू देते. समुद्री कासवांच्या संवर्धनाचे काम या कथेच्या कडेने चालू राहते. घाई न करणारी, न टोचणारी माया कशी असते, हे या चित्रपटाइतके सुंदर फार थोड्या कलाकृतींनी सांगितले असेल. बऱ्या झालेल्या स्त्रीला येथे प्रथमच दुसऱ्याचा आधार होण्याचा मान मिळतो. परंतु माझा तोच रुक्ष प्रश्न येथेही उभा राहतो. जानकीपाशी समुद्राकाठी घर आहे, गाडी आहे, गाडीला चालक आहे, आणि कुणाला जाब न देता पाहुणा ठेवून घेण्याचे स्वातंत्र्य आहे. तिच्या सावरण्यात डॉक्टरांचा, मित्रांचा वाटा असेल, तसा या निवाऱ्याचाही मोठा वाटा आहे. चित्रपट हे सारे दाखवतो, पण त्याकडे निसर्गदृश्यासारखे पाहतो. माहेरच्या पडवीत खाट टाकून दिलेल्या स्त्रीला सावरायला इतकी ऐसपैस जागा कुठून मिळायची?

चारही चित्रपटांनी वगळलेली आणखी एक गोष्ट म्हणजे या स्त्रीचे शरीर. मनोविकारावरील काही औषधांनी वजन वाढते, मधुमेहाचा धोका वाढतो, काहींनी मासिक पाळी अनियमित होते वा थांबते. डॉक्टरांना सांगितल्यास औषध बदलता येते. पण सासरी हे सांगायचे कुणाला? पाळी थांबली की 'हिला मूल होणार नाही' अशी कुजबुज सुरू होते आणि गोळ्या गुपचूप बंद केल्या जातात. लग्न जुळवताना आजार लपवला असेल तर गोळ्याही लपवाव्या लागतात. नव्या घरात पहिल्याच महिन्यात त्या सुटतात, आणि मग आजार उसळला की दोष नवरीचा. गरोदरपणी कुणी परस्पर औषध थांबवते, तर कुणी धोक्याचे औषध डॉक्टरांना न विचारता तसेच चालू ठेवते. बाळंतपणानंतर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि नेमक्या त्या वेळी रात्रीची झोप मिळणे दुरापास्त असते. छातीत दुखते असे ती म्हणाली, तर घरचे आणि कधी कधी डॉक्टरही 'तिच्या मनाचे खेळ' म्हणून दुर्लक्ष करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार गंभीर मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षे आधी मरण पावतात, आणि त्यांतील पुष्कळ मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात. पडद्यावरची वेडी पाण्यात बुडते. खरी आजारी स्त्री बहुधा न तपासलेल्या रक्तदाबाने, न तपासलेल्या गाठीने जाते.

उपचार मिळणे हीही सर्वांच्या आवाक्यातली गोष्ट नाही. २०१५-१६ साली निमहान्स या बंगळूरच्या संस्थेने १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चारच: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. जिल्हा रुग्णालयांतून आता सेवा मिळू लागली आहे. तरीही बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत एक दिवस घालवायचा म्हणजे सोबतच्या माणसाचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. कमावत्या पुरुषासाठी घर तो खर्च सोसते, कारण तो बरा झाला की कमाई सुरू होते. घरकाम करणारी स्त्री आजारी पडली तर तिच्या बरे होण्याची किंमत कुणी मोजत नाही, कारण तिच्या कामाचीही किंमत कधी मोजलेली नसते.

आणि शेवटचा प्रश्न, तिला घरी कोण नेणार? ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१४ साली भारतातील मनोरुग्णालयांत व निवासी संस्थांत असलेल्या स्त्रियांविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालात, घरच्यांनी टाकून दिल्यामुळे तेथेच राहिलेल्या स्त्रियांच्या कहाण्या आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ मध्ये अमलात आला, या बाबतीत उदार आहे. केवळ घरचे स्वीकारत नाहीत किंवा घरच नाही, या कारणासाठी कुणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे तो बजावतो. तीन वर्षांखालील मूल असलेल्या आईला उपचारकाळात सहसा मुलापासून तोडू नये, असेही सांगतो. पण कायदा दार उघडे ठेवायला सांगू शकतो. दारात येऊन उभे राहणारे माणूस तो कुठून आणणार?

येथे आपल्या समाजाला लागू असलेल्या दोन कायद्यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. प्रत्यक्षात जमिनीला भाव आला की आजारी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई सर्वांत आधी होते. कारण 'तिला काय करायचंय जमीन घेऊन?' ज्या क्षणी ती सही होते त्या क्षणी ती स्वतःच्याच घरात आश्रित होते. दुसरा कायदा घटस्फोटाचा. २००१ साली सुधारणा झाल्यापासून, जोडीदार सलग दोन वर्षे असाध्य मनोविकाराने ग्रस्त असल्यास ख्रिस्ती व्यक्तीला दिवाणी न्यायालयात घटस्फोट मागता येतो. मात्र नुसते आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहिली पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच हिंदू विवाह कायद्याखालील एका खटल्यात घालून दिला होता. तेथे पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या कारणावरून पतीने मागितलेला घटस्फोट नाकारला गेला. चर्चच्या दृष्टीने तर लग्नानंतर उद्भवलेला आजार विवाहबंधन रद्द करू शकत नाही. वेदीसमोर दिलेल्या वचनात आजारपणातील साथ आहे, आणि त्या आजारांतून मनाचा आजार कुणी वगळलेला नाही.

मग घर नसलेल्या स्त्रीने करावे तरी काय? याचे उत्तर आपल्या परंपरेत एका गावाने दिले आहे. बेल्जियममधील गील हे गाव संत डिंफना हिच्या नावाशी जोडलेले आहे. बापाच्या विकृत वासनेपासून पळालेल्या आणि त्याच्याच हातून मारल्या गेलेल्या या राजकन्येला मनोरुग्णांची आश्रयदाती मानतात. तिच्या समाधीशी येणारे आजारी यात्रेकरू मध्ययुगापासून गावकऱ्यांनी आपापल्या घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली. ते पाहुणे म्हणून येत आणि पुढे घरातलेच होऊन जात. ती प्रथा आधुनिक वैद्यकीय देखरेखीखाली आजही टिकून आहे. आपल्या देशात चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने १९९३ पासून बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी काम उभारले, आणि पुढे अशा स्त्रियांना चारचौघींच्या गटाने साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांत राहता येईल, अशी व्यवस्था केली. स्वयंपाक त्यांचा, बाजारहाट त्यांचा, दाराची किल्लीही त्यांचीच. महाराष्ट्रात अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या 'माउली'ने रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या लेकरांना घर दिले आहे. कर्जतच्या 'श्रद्धा'चे डॉ. भरत वाटवानी, ज्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णांना बरे करून त्यांच्या गावी पोहोचवतात. या कामांवर चित्रपट निघाला तर त्यात किंकाळ्या कमी असतील. शिधापत्रिका, घरभाडे, बसचे तिकीट आणि औषधाची चिठ्ठी अधिक असेल. तसा चित्रपट, तशी कादंबरी मराठीत यावी, अशी माझी अपेक्षा आहे. वसईच्या वाड्यांतून, गोव्याच्या वाड्यांतून लिहिणाऱ्या आपल्या तरुण लेखकांना हा विषय अगदी हाताशी आहे.

तोवर वाचकांनी तरी हे चित्रपट पाहताना डोळ्यांतील पाण्यावर समाधान मानू नये. चित्रपट संपल्यावर घरात बसून चर्चा करावी. आपल्या नात्यातली, आळीतली अशी कोण आहे? तिच्या गोळ्या या महिन्यात आल्या का? तिचा रक्तदाब, तिची साखर शेवटची कधी तपासली? तिचा वाटा तिच्या नावावर आहे का? रुग्णालयातून तिला आणायला जायचे असेल, तर कुणाला रजा मिळते आणि गाडी कुणाची न्यायची? 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून विनामूल्य सल्ला देतो. तो दूरध्वनीशेजारी लिहून ठेवावा. आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळाने आणि युवकांनी महिन्यातून एक दिवस पाळीपाळीने अशा रुग्ण भगिनीसोबत दवाखान्यात जायचे ठरवले, तर चार चित्रपटांनी अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नांपैकी निदान एकाचे उत्तर येत्या महिन्यापासून देता येईल.